पाळणा निघाला मुरबाडला

लहान मूल घेऊन बाहेर पडायचे म्हटले, की आपल्याकडे दोनच ठिकाणे ठरलेली असतात: एक आजोळ आणि दुसरे डॉक्टरांचा दवाखाना. फार तर जोडीला कुलदैवत. याखेरीज तिसऱ्या ठिकाणी, चौदा महिन्यांच्या मुलीला, सायकलला जोडलेल्या गाडीत बसवून तीन दिवस न्यायचे, असे मी घरात प्रथम बोलले तेव्हा सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणे खाली ठेवले. एरवी त्या लाटता लाटताच बोलतात.

"म्हणजे घरात पाळणा असताना पोरीला रस्त्यावर काढणार तू?"

"अहो आई, पाळणाच घेऊन जायचाय बरोबर," मी म्हटले. पण हा विनोद त्या दिवशी चालला नाही.

ती गाडी आमच्याकडे कशी आली, ते आधी सांगते. यांचे एक स्नेही काही वर्षे जर्मनीत होते. परत येताना त्यांनी तिथला संसार विकला, पण मुलाची ही गाडी तेवढी विकवेना म्हणून बरोबर आणली. त्यांचा मुलगा आता दहावीला आहे. गाडी आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात आली आणि गॅलरीतली तुळस शेजारणीकडे पाहुणी गेली.

दिसायला हा प्रकार लहानशा तंबूसारखा. खाली ॲल्युमिनियमची चौकट, दोन्ही बाजूंना हवेची दोन चाके, वर जाड कापडाचे छप्पर, पुढे जाळी आणि आत झोळीसारखी बैठक. बैठकीला पाच टोकांचा पट्टा असतो: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. गाडीचा दांडा सायकलच्या मागच्या चाकाच्या आसाला डाव्या बाजूने अडकवायचा. त्या सांध्याला लवचीकपणा असतो. त्यामुळे सायकल आडवी पडली तरी गाडी आपली चाकांवर उभीच राहते. यांनी हे मामंजींना चार वेळा सायकल पाडून दाखवले. आत छकुलीऐवजी दहा किलो तांदळाची पिशवी होती. पाचव्या वेळी मामंजी म्हणाले, "पुरे. तांदूळ पटले."

गाडीला मागे उंच काठीवर भगव्या रंगाचा लहान झेंडा असतो. गाडी जमिनीपासून बुटकी. ट्रकवाल्याला नुसती दिसायची नाही, म्हणून ही सोय. वाटेत निदान चौघांनी आम्हांला कोणत्या दिंडीचे म्हणून विचारले.

सासूबाईंच्या विरोधात सगळाच जुनेपणा होता, असे मात्र नाही. एक वर्षाच्या आतल्या मुलाला सायकलवर किंवा सायकलच्या गाडीत नेऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते. त्या वयात मानेचे स्नायू कच्चे असतात आणि रस्त्याचे हादरे डोक्याला बसतात. म्हणून आम्ही वर्ष पुरे होईपर्यंत थांबलो. पुढचे दोन महिने कॉलनीतल्या रस्त्यावर रोज संध्याकाळी फेऱ्या मारल्या. शिरस्त्राणाचीही एक गंमत कळली. मुलाच्या डोक्यामागचा फुगीर भाग पाठीच्या गादीला टेकतो आणि मान पुढे लवते. तेव्हा डोक्यामागे खळगा राहील अशी गादी करावी लागते. ती करून कोणी दिली, ते ओळखा. लाटणे खाली ठेवणाऱ्या हातांनीच. "जाणारच असाल तर पोरीची मान तरी नीट राहू दे," एवढेच बोलणे झाले.

मामंजी पहिल्यापासून आमच्या बाजूचे होते. पण त्यांचे म्हणणे, यात नवल काय? त्यांच्या वडिलांच्या सायकलच्या दांडीवर एक छोटी सीट बसवलेली होती. त्या सीटवर बसून ते लहानपणी शाळेत, वाचनालयात आणि कीर्तनाला गेले. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावलेला असायचा, कॅरियरवर आई, दांडीवर मुलगा, आणि पोलीस दिसला की आईने उतरून चालायचे, कारण डबलसीटला दंड होता. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या अशा दांडीवर वाढल्या. पुढे स्कूटर आली, मग मोटार आली आणि सायकल जिन्याखाली गेली. डेन्मार्क-हॉलंडकडे मात्र ती जिन्याखाली गेली नाही. तिथे आजही आया मुलांना सायकलच्या पेटीत बसवून शाळेत सोडतात आणि कोणी त्यांना दिंडी कोणती म्हणून विचारत नाही.

सायकलवरून लांब जाण्याचे वेडही आपल्याला नवे नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे वाळवंटे आणि अरण्ये तुडवून १९२८ साली परत आले. त्यांच्या धाडसापुढे मान तुकवावी तेवढी थोडी. फक्त एवढेच नमूद करते, की त्या पाच वर्षांत त्यांपैकी कोणाला दुपटी धुवावी लागली नाहीत.

आमचा बेत त्या मानाने फारच बेताचा. लोकलने आसनगाव, तिथून शहापूर, पुढे किन्हवली, सरळगाव आणि मुरबाड. शहापूर ते मुरबाड अंतर चाळीसेक किलोमीटर. मोटारीत बसणाऱ्याला ते एका झोपेचे. आम्ही त्याला दोन दिवस दिले आणि तिसरा परतीला. तुळशीची लग्ने लागून गेली होती. थंडी सुरू होत होती. रविवारी पहाटेच्या कसारा लोकलमध्ये रीतसर लगेजचे तिकीट काढून सामानाच्या डब्यात चढलो. तो डबा परतीच्या दूधवाल्यांचा आणि भाजीवाल्यांचा. रिकाम्या कॅनच्या ओळीत आमची घडी केलेली गाडी उभी राहिली. एका दूधवाल्याने छकुलीला आपल्या पालथ्या कॅनवर बसवले. तिने कल्याण ते आसनगाव तो कॅन वाजवला. डब्यात झोपलेल्यांपैकी कोणी तक्रार केली नाही.

आसनगावला उतरले की समोर माहुलीचा डोंगर. शेजारी शेजारी उभे असलेले ते सुळके गाडीच्या खिडकीतून नेहमी पाहिलेले. पण सायकलवर बसले की डोंगर आपल्याबरोबर हळूहळू वळतो, तसा तो खिडकीतून वळत नाही. निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची शेवटची धडपड १६३६ साली याच गडावर संपली. त्या वेढ्यात जिजाबाई आणि बाल शिवाजी त्यांच्याबरोबर गडावर होते, असे सांगतात. हे मी सासूबाईंना निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "जिजाबाईंना हौस नव्हती, वेळ आली होती."

हे वाक्य मी शहापूरपर्यंत विसरले होते. पुढे आठवायचे होते.

शहापूर सोडले की रस्ता मुरबाडच्या बाजूला वळतो आणि सापगावला भातसा नदीचा पूल लागतो. मुंबईला रोज जे पाणी लागते त्यातले जवळजवळ निम्मे या भातसेच्या धरणातून जाते. तानसा तर १८९२ सालापासून मुंबईला पाजते आहे. आणि याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. पुलावर थांबून आम्ही छकुलीला दूध पाजले. खाली पाणी संथ, स्वच्छ चालले होते.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. गाडी बारा किलो, मुलगी नऊ, दुपटी-बाटल्या-खिमटीचा डबा मिळून सहा. एवढे ओझे मागे असले की सपाटीला विशेष कळत नाही; चढाला मात्र कोणीतरी मागून पदर धरला आहे असे वाटते. उतार त्याहून कठीण. गाडी पुढे ढकलू लागते, म्हणून ब्रेक आधीपासून हलके धरून ठेवायचा. तासाला दहा-बारा किलोमीटरच्या वर आम्ही गेलो नाही. खड्डा दिसला की सायकल चुकवून भागत नाही. गाडीची चाके सायकलच्या दोन्ही बाजूंना असतात. सायकल वाचते आणि डावे चाक खड्ड्यात. तीन चाकांचा हिशेब डोक्यात बसायला अर्धा दिवस जातो. सकाळी सहा-साडेसहाला निघायचे, अकराच्या आत सावलीला यायचे आणि दर पाऊण तासाने थांबून मुलीला मोकळे सोडायचे. पहिल्या दिवशी हे ओढत होते आणि मी मागे राखणीला. राखणदाराने जरा रस्त्याच्या आत चालवायचे, म्हणजे मागचा मोटारवाला आधी माझ्यावर चिडतो आणि मग गाडी पाहून हसतो.

आणि छकुली? तिने पहिली वीस मिनिटे जाळीतून वडिलांचे पाय पाहिले आणि मग ती झोपली. घरच्या पाळण्यात पाऊण तास अंगाई लागते. इथे शेणव्यापर्यंत झोप.

शेते निम्मीशिम्मी कापून झाली होती. खळ्यांवर भातझोडणी चालली होती. हवेत पेंढ्याचा वास. आमचा झेंडा लांबून दिसला की पोरे "कुल्फी! कुल्फी!" करीत धावत येत, आणि आत कुल्फीऐवजी मुलगी निघाल्यावर त्यांची जी निराशा होई ती पाहवत नसे. एका वाडीत तर एक बाई आपले मूल काखेत घेऊन लगबगीने आली आणि त्याचे तोंड उघडून उभी राहिली. आम्ही पोलिओचा डोस द्यायला आलो, असे तिला वाटले.

शेणव्याच्या पुढे रस्त्याला एक मोठी चिंच लागली. तिच्याखाली एक कुटुंब सामान घेऊन बसले होते. दोन हंडे, तवा, गोधड्यांचे बोचके, पाय बांधलेल्या तीन कोंबड्या, सात-आठ वर्षांची मुलगी आणि एक म्हातारी. चिंचेच्या खालच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली आणि झोळीत मूल. आमची थांबायची वेळ झाली होती, आम्हीही तिथेच टेकलो.

झोळीजवळची बाई आमच्याकडे बराच वेळ पाहत होती. मग उठून गाडीजवळ आली, चाक फिरवून पाहिले, जाळीतून आत डोकावली आणि म्हणाली, "कामाला चाललाव का, बाय?"

मी म्हटले, "नाही. असंच. फिरायला."

"पोर घेऊन?"

"हो."

"उगाच?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचे होते. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला, आणि जे दिले ते तिला पटले असे वाटत नाही. मग मी तिला विचारले. ती माणसे कातकरी होती. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघाली होती. टेम्पो यायचा होता.

शहापूर-मुरबाडकडच्या कातकऱ्यांचे वर्ष असेच दोन भागांत तुटलेले असते. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. पण जंगलावर सरकारची मालकी आली आणि तो धंदा इंग्रजांच्या काळातच बसला. जमीन बहुतेकांना नाही. पावसाळ्यात लावणी-बेणणीची मजुरी, आणि दिवाळी झाली की भट्ट्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, दुखणे-खुपणे निघते, तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि ती पुढचे सहा-सात महिने नवराबायकोने विटा पाडून फेडायची. दर आठवड्याला पोटापुरती खावटी मिळते, तीही नावावर मांडली जाते. पाऊस तोंडावर आला की हिशेब. अंगावर बाकी निघाली, तर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे. उचल त्याच्याहून जुनी आहे आणि अजून चालू आहे.

भट्टीवर राहायला भोंगा असतो: विटांवर विटा रचून वर गवत टाकलेले खोपट, ज्यात उभे राहता येत नाही. पहाटेच्या काळोखात गारा मळायला आणि विटा पाडायला सुरुवात होते. मूल शेजारी गोधडीवर निजवायचे. मोठी मुलगी त्याला सांभाळते, म्हणजे तिची शाळा सुटते. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या त्या याचसाठी. त्या सात-आठ वर्षांच्या मुलीला मी कितवीत म्हणून विचारले. "दुसरीत होती," तिच्या आईने सांगितले. मुलगी माझ्याकडे न पाहता कोंबडीच्या पायाची दोरी घट्ट करीत होती.

झोळीतले मूल जागे झाले. तो मुलगा होता. आमच्या छकुलीहून दोन महिन्यांनी मोठा, असे बोलण्यातून निघाले. ती त्याला घेऊन गाडीशी आली आणि "बसवू का जरा?" म्हणून विचारले. बैठक दोघांपुरती होती. मी पट्टा सैल करून त्याला उचलले, आणि उचलताच माझ्या हातांना कळले. रोज नऊ किलोचे ओझे उचलायची सवय झालेले हात जरा जास्तच जोराने वर गेले. तो सोळा महिन्यांचा होता आणि छकुलीहून कितीतरी हलका होता.

दोघे शेजारी शेजारी बसली. छकुलीने आधी त्याचे नाक तपासले, मग आपले खारीक-बदामाचे बिस्कीट त्याच्या तोंडाला लावले. यांनी गाडी चिंचेभोवती दोन फेऱ्या ओढली. म्हातारी हसली, मुलगी मागून ढकलू लागली, आणि ती बाई गाडीबरोबर एक हात छपरावर ठेवून चालत राहिली. तिसऱ्या फेरीला टेम्पोचा भोंगा वाजला.

टेम्पोत आधीच दोन कुटुंबे होती. बोचकी वर गेली, कोंबड्या गेल्या, म्हातारीला दोघांनी ओढून घेतले. माझ्या डब्यात नाचणीच्या सत्त्वाची पिशवी होती, घरची बिस्किटे होती. ती मी मुलीच्या हातात दिली. यांनी खिशात हात घातला होता, पण त्या बाईने तिकडे पाहिलेच नाही. फांदीची झोळी तिने एका झटक्यात सोडली, मुलाला पाठीशी बांधले आणि चढली. चढताना म्हणाली, "जपून ने गं पोरीला. गाड्या लई आहेत रस्त्याला."

टेम्पोच्या हौद्यात मुले धरून मी तेरा डोकी मोजली. पट्टा कोणालाच नव्हता.

सासूबाईंचे ते वाक्य तेव्हा आठवले.

किन्हवलीला मामंजींच्या ओळखीच्या एका शिक्षकांकडे उतरलो. गुरुजींच्या पत्नीने कढत पाणी, वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी असे स्वागत केले. छकुलीला न्हाऊ घालून धुरी दिली, आणि तिची दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कोणालाच आला नाही, यावरून दृष्ट जबर लागली होती असे ठरले. माझ्या मनातून मात्र तो हलका मुलगा जात नव्हता. गुरुजींना विचारले. म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गाचे हजेरीपुस्तक बघा, म्हणजे कळेल. गैरहजर लिहितो. काही मुले येतात परत जूनमध्ये, वर्ष बुडवून. काही येत नाहीत." आणि कंदील नसला तरी कंदील बारीक करावा तसे त्यांनी बोलणे बारीक केले.

दुसऱ्या दिवशी गाडी मी ओढली. बाईमाणूस गाडी ओढते आणि पुरुष मागून रिकामा येतो, हे पाहून खळ्यांवरच्या बायकांना इतका आनंद झाला, की एकीने सूप खाली ठेवून टाळ्याच वाजवल्या. ह्यांनी तो अपमान मोठ्या मनाने सोसला. सरळगावला कल्याण-माळशेजचा हमरस्ता लागतो. तिथून मुरबाडपर्यंत ट्रक, टेम्पो आणि सहलीच्या मोटारी यांची रीघ. कडेची माती सुटलेली. तेवढ्या पट्ट्यात मी गाणे बंद केले, झेंडा सरळ केला आणि फक्त डाव्या चाकाकडे लक्ष ठेवले. हौशी जोडप्यांना एक सांगते: या तुकड्यावर मूल असताना रविवारी जाऊ नका. आम्ही सोमवारी होतो, तरी पुरे झाले.

मागे वळून पाहिले तर मात्र सह्याद्रीची भिंत उभी. नाणेघाटाचा तो अंगठ्यासारखा वर आलेला कडा इकडून ओळखू येतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच वाटांनी घाट चढून जुन्नरला जात असे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे म्हणतात. दक्षिणेकडे सिद्धगड, तिथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. हे सगळे मी छकुलीला मोठ्याने सांगत होते. ती जाळीला नाक लावून एका म्हशीकडे पाहत होती.

मुरबाडला मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोने कल्याण. कल्याणच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भट्ट्या लागल्या. आधी जाताना कधी त्या पाहिल्या नव्हत्या असे नाही. धूर दिसायचा, काच वर करायची. या वेळी टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून मी भोंगे पाहत होते. नव्याने रचलेले, अजून गवत हिरवट. प्रत्येकासमोर एक गोधडी, आणि बहुतेक गोधड्यांवर एकेक मूल. ती बाई भिवंडीकडे गेली होती, ती इथे दिसायची नाही हे ठाऊक होते. तरी पाहत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी छकुलीला नखशिखान्त तपासले. मच्छर चावल्याचे दोन फोड सापडले, त्यांवर हळद लागली. वजन केले, ते दोनशे ग्रॅम वाढले होते. ते बिरड्याचे की पाण्याचे, यावर मामंजींशी वाद झाला. मग मी जेवता जेवता सगळे सांगितले. माहुली, भातसा, कुल्फी, मिरच्या, सगळ्यांना त्या हसल्या. चिंचेखालचेही सांगितले. तेव्हा त्यांनी मधे काही विचारले नाही. ताटे उचलताना मात्र थांबल्या.

"त्या पोराच्या अंगात काय होतं गं?"

"एक झबलं होतं."

"लोकरीचं?"

"नाही. सुती. बाहीला फाटलेलं."

त्या ताटे घेऊन आत गेल्या. रात्री दोघी जिन्याखालचे कपाट उघडून बसलो. छकुलीचे आखूड झालेले स्वेटर, टोपडी, दुपटी निघाली. मामंजी चष्मा लावून किन्हवलीच्या गुरुजींना पत्र लिहीत होते: पहिली ओळ क्षेमकुशलाची, आणि दुसऱ्या ओळीत, आपल्या वर्गातील कोणती मुले कोणत्या भट्टीवर गेली आहेत, त्यांची नावे कळवावीत.